नव्वद मैलांवरचं माहेर

"मी पारका काढूनच उभी राहते," असं म्हणत पद्मिनीने अंगातला गोधडीएवढा जाड कोट काढला आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलासुद्धा. खिळा वाकला.

नोआलिक गावच्या विमानतळावर, म्हणजे बर्फ दाबून केलेल्या एका पट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या प्लायवुडच्या खोपटात, मासे तोलायच्या काट्यावर माणसं तोलत. आधी सामान, मग माणूस. अलास्काच्या त्या वायव्य टोकाला छोट्या विमानात बसायचं तर यातून कुणाची सुटका नव्हती, मग तो बडा सरकारी अधिकारी असो की गावातली म्हातारी. साठीकडे झुकलेला वॉल्ट पायलट पेन्सिल कानावर ठेवून आकडे बघत होता. पद्मिनी स्वेटर घालून काट्यावर चढली आणि उगीचच तिने पोट आत घेतलं.

दाराशी तिचा नवरा कुमार उभा होता. त्याने आधी वाकलेला खिळा बघितला आणि मग बायकोकडे.

"पद्मा, त्या कोटात काय भरलंयस?"

"काही नाही. अस्तर आहे."

"अस्तराने खिळा वाकत नाही."

"अहो, हळू बोला."

"हळू कशाला? इथे मराठी कुणाला कळतंय? अगं, हे जंबो जेट नाहीये. सहा सिटांचं विमान आहे. वॉल्ट एकेक पौंड मोजून टेक-ऑफ करतो."

"मुंबईहून निघताना तुम्ही तीन स्वेटर अंगात आणि इस्त्री खिशात घालून आला होतात, तेव्हा कोण मोजत होतं?"

कुमारने टोपी कानांवर ओढली. विमानप्रवासाला निघालेला मराठी माणूस वजनकाट्याशी प्रामाणिक राहिल्याचं उदाहरण तसंही शोधून सापडायचं नाही. आपल्याकडे ते पाप समजतच नाहीत, हुशारी समजतात. पद्मिनीने तर आठवडाभर बसून पारक्याच्या अस्तराला आतून चोरखिसे शिवले होते. त्यांत डिंकाच्या लाडवांचे दोन चपटे डबे होते, खारीक, खसखस, सुंठ आणि बाळंतशोपा होत्या, डिंकाची जास्तीची पुडी होती आणि तुपाची एक बाटली होती. मेतकूट तिने हातमोज्यांत भरलं होतं.

लाडू तिने घरीच वळले होते, पण त्यांतला डिंक आणि बाकीचं सगळं तिच्या बहिणीने सांगलीहून शिकागोला कुणाबरोबर तरी धाडलं होतं आणि तिथून ते टपालाने इथवर आलं होतं. इतक्या लांबून आलेली वस्तू शेवटच्या नव्वद मैलांत मागे ठेवायची, हे तिच्याच्याने झालं नसतं.

तर हे नव्वद मैल. नोआलिकहून तुकसुकला विमानाने सरळ रेषेत गेलं तर नव्वद मैल. म्हणजे सांगलीहून सातारा आणि वर थोडं. पण मधे डोंगर, आणि रस्ता म्हणाल तर नावालाही नाही. नेहमीचं विमान आधी दक्षिणेला मोठ्या गावी जाई, तिथे दुसऱ्या विमानाची वाट बघत बसायचं, आणि मग पुन्हा उत्तरेला. हवा बिघडली की ह्या फेऱ्यात दोन-दोन दिवस जात. सांगलीची बहीण भाच्याचा शाळेचा अ‍ॅटलस उघडून पत्रात लिही, 'नकाशावर बोटभरसुद्धा अंतर नाही, मग उठून जात का नाहीस?' पद्मिनी ते वाचून हसायची आणि मग बराच वेळ तिचं कामात लक्ष लागत नसे. बहिणीचं काही चुकत नव्हतं. अंतर खरंच बोटभर होतं.

ह्या वेळी मात्र नशीब उघडलं होतं. आठवडाभर धुक्याने कुणालाच उडू दिलं नाही, तुकसुकचं टपाल तुंबून राहिलं आणि वॉल्ट ते घेऊन थेट निघाला होता. वाटेत किगालिक नावाच्या चिमुकल्या वस्तीवर एकदा उतरायचं, बस.

"जपून जा," कुमार म्हणाला. त्याला बरोबर येता येत नव्हतं. गावाला वीज देणारी डिझेलची इंजिनं त्याच्या भरवशावर चालत, आणि शून्याखालच्या थंडीत ती बंद पडली तर सगळं गाव गारठलं असतं. "लताला म्हणावं, काकांनी आशीर्वाद सांगितलाय. आणि पद्मा..."

"काय?"

"घाबरू नकोस. तुला जमेल."

तिने मान हलवली, खिळ्यावरचा पारका दोन्ही हातांनी उतरवला आणि तो हलका असल्यासारखा चेहरा करून अंगात चढवला.

*

लता तिला कशी भेटली ते सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या गावच्या दुकानात पद्मिनी कांद्याची किंमत बघून स्वतःशीच म्हणाली होती, "अगं बाई, कांदे आहेत की मोती?" आणि मागच्या रांगेतून एका पोरीच्या हसण्याचा आवाज आला होता. वळून बघते तर काय, जाड जाकीट घातलेली, नाकाचा शेंडा लाल झालेली एक अकोल्याची मुलगी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. ती लता. ती आणि तिचा नवरा अतुल तुकसुकच्या शाळेत शिकवत. तेव्हापासून दर रविवारी फोन. भेटी झाल्या त्या जेमतेम तीन, पण बोलणं मात्र अखंड. भाजीत काय घातलंस, आज सूर्य किती वाजता बुडाला, नवरा काय म्हणतो, सगळं. साऱ्या त्या मुलखात मराठी बोलणाऱ्या बाया ह्या दोघीच होत्या.

ऑक्टोबरात लताने दिवस राहिल्याची बातमी दिली. फेब्रुवारीत अकोल्याला तिच्या आईचं पायाचं हाड मोडलं आणि आईचं येणं राहिलं. त्या रविवारी लताने फोनवर आधी आईचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "काकू, पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना? मग तुम्ही या. इकडे माझं माहेर म्हणजे तुम्हीच."

"अगं, पण मला कसलाच अनुभव नाही," ती म्हणाली.

"मग मला कुठे आहे?" लता म्हणाली.

विमानाने नोआलिकची पट्टी सोडली. पद्मिनी वॉल्टच्या शेजारच्या सीटवर पारक्यासकट कोंबून बसली होती, आणि मागे टपालाच्या गोण्या होत्या. खाली पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. इंजिनाच्या आवाजात बोलायची सोय नव्हती, म्हणून ती आपली विचार करत बसली.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. त्याबद्दल सासरी कुणी तिला टाकून बोललं, असं मुळीच नाही. सगळं गोड बोलूनच व्हायचं. धाकट्या जावेचं, रेखाचं, डोहाळजेवण होतं. पहाटेपासून स्वयंपाक पद्मिनीचा, रांगोळी तिची, रेखाच्या साडीच्या निऱ्यासुद्धा तिनेच घातलेल्या. ओटी भरायची वेळ आली, बायका तांदूळ-खोबरं घेऊन पुढे सरकल्या, आणि सासूबाई हळूच म्हणाल्या, "पद्मिनी, तू जरा आत पोळ्यांचं बघतेस का?" पोळ्या केव्हाच झाल्या होत्या. ती आत जाऊन झाकलेल्या पोळ्या पुन्हा झाकत बसली. पुढे कुणाची ओटी असली, बारसं असलं, की ती आपणच आधी उठून आत जायची. म्हणजे कुणावर सांगायची पाळी येत नसे.

आणि आता कुणीतरी तिला नाव घेऊन बोलावलं होतं, 'माहेर' म्हणून. बेत ठरला होता. त्या भागात दिवस भरत आले की बाईने महिनाभर आधीच मोठ्या गावी जाऊन हॉस्पिटलशेजारच्या वसतिगृहात राहायचं. तुकसुकला उतरून लताची बांधाबांध करायची, तिला घेऊन पुढे जायचं आणि बाळ हातात येईपर्यंत तिच्याजवळ राहायचं. पद्मिनीने नोआलिकच्या शाळेतल्या स्वयंपाकघरातून रजा घेतली होती. तिथे ती पोरांसाठी रेनडिअरचा रस्सा शिजवी, स्वतः कधी चव न घेता, नुसत्या वासावर. पोरं म्हणायची की तिच्यासारखा रस्सा कुणाला जमत नाही.

*

किगालिक म्हणजे नदीकाठची पंधरा-वीस घरं. पट्टी आखूड, आणि एप्रिलच्या उन्हाने बर्फ वरून भुसभुशीत झालेलं. विमान थांबलं तर एक बाई हात हलवत धावत आली. ती विमान कंपनीची तिथली एजंट. तिच्यामागून बर्फावर ओढायच्या स्लेजवर एका म्हाताऱ्याला बसवून आणलं होतं. हे इनुपियाक लोक, आपण शाळेच्या पुस्तकात ज्यांना एस्किमो म्हणून वाचलं ते. म्हाताऱ्याची छाती भरली होती, खोकल्याची उबळ थांबत नव्हती. बरोबर त्याची लेक होती. डॉक्टरने फोनवर सांगितलं होतं, न्यूमोनिया दिसतोय, आजच्या आज हॉस्पिटलला पाठवा.

वॉल्टने म्हाताऱ्याकडे पाहिलं, पट्टीवर चालत जाऊन बुटाची टाच बर्फात रुतवून बघितली आणि परत येऊन कानावरची पेन्सिल काढली. आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले.

"बसेल," तो शेवटी म्हणाला. "अगदी काठोकाठ, पण बसेल. पश्चिमेकडून धुकं येतंय. लवकर निघू."

पद्मिनीने पारक्याच्या अस्तरावरून हात फिरवला. त्या काठोकाठ हिशेबात तिचा पारका नव्हता.

ती पायऱ्यांपाशी उभी राहिली. सांगावं तर काय होईल हे तिला लख्ख दिसत होतं. म्हाताऱ्याला जायलाच हवं, त्याच्या लेकीला त्याला धरून बसायला हवं, वॉल्टला तर विमान चालवायचं आहे. उतरवण्यासारखी एकच व्यक्ती होती. एकदा धुकं बसलं की पुढचं विमान चार दिवसांनी येईल की आठ, कुणी सांगावं? तोवर लता एकटी मोठ्या गावी गेली असती, एकटीच तिथे राहिली असती. आणि पुढच्या खेपेला तिला कुणी बोलावलं असतं? पन्नाशीला टेकलेल्या बाईला अशी पुढची खेप कुठली?

न सांगावं, तर कदाचित काहीच झालं नसतं. नोआलिकहून नाही का निघालो नीट? वीसेक पौंडांनी असं काय होतंय?

म्हातारा पुन्हा खोकला. लेकीने त्याच्या पाठीवर हात फिरवला. पद्मिनीने डोळे मिटले, मनातल्या मनात लताची माफी मागितली आणि इंग्रजीत म्हणाली, "वॉल्ट, मी लबाडी केली आहे."

"कसली?"

तिने तोंडाने सांगितलंच नाही. पारक्याची चेन उघडली आणि एकेक वस्तू काढून बर्फावर मांडायला लागली. डबे आले, बाटली आली, पुड्या आल्या. मग हातमोजे काढून तेही ठेवले. वॉल्ट बघत राहिला. एजंट बाई वाकून डब्यांचा वास घेऊ लागली. लाजेने पद्मिनीचे कान तापले होते.

"बाळंतिणीसाठी आहे," ती म्हणाली. "मी तिच्याचकडे चाललेय. पण तुम्ही म्हणाल तर मी थांबते. ह्यांना न्या."

वॉल्ट ओरडला नाही. त्याने पेन्सिलीने डोकं खाजवलं. म्हाताऱ्याने लेकीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, लेकीने सांगितलं. म्हातारा पद्मिनीकडे बघत राहिला. मग खोकत-खोकतच त्याने आपल्या अंगावरचं पांघरूण बाजूला केलं, कोटाच्या आत हात घातला आणि गोठलेला एक भला मोठा मासा ओढून बाहेर काढला. तो बर्फावर लाडवांच्या शेजारी ठेवला. पुन्हा हात घातला. दुसरा मासा.

"बाबा," त्याची लेक म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला. "मोठ्या गावात माझी आत्या राहते. तिच्यासाठी. मी घरी नको म्हटलं होतं."

म्हाताऱ्याने पद्मिनीकडे बघून एक डोळा मिचकावला. एवढ्या तापात. तिला हसू आलं आणि रडूही. सांगली काय, किगालिक काय, माणसं इथून तिथून सारखीच, असं तिला अगदी आतून वाटलं, आणि त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की तिने त्याला वाकून नमस्कार केला.

"अजून कुणी?" वॉल्टने विचारलं. लेकीने म्हाताऱ्याचे खिसे चाचपून मान हलवली. त्याने मासे तोलले, डबे तोलले, पुन्हा आकडे मांडले. सगळ्यांचा श्वास त्या पेन्सिलीच्या टोकाशी अडकला होता.

"आता माणसं सगळी बसतील," तो म्हणाला. "सामान इथे राहील. टपाल असं वाटेत टाकता येत नाही."

पद्मिनीने क्षणभरच त्या डब्यांकडे पाहिलं. मग एजंट बाईला म्हणाली, "लाडू ठेवू नका, खाऊन टाका. ताजे आहेत." आणि रिकाम्या पारक्यात हात घालून विमानात चढली.

विमान पट्टीच्या अगदी शेवटाला उचललं गेलं. खाली नदीकाठची झुडपं चाकांना लागतात की काय, इतकी जवळ आली आणि मागे पडली. वॉल्टने तिला कानाला लावायचा हेडफोन दिला.

"नोआलिकला विमान जड लागत होतं," त्याचा आवाज आला. "मला वाटलं, वारा असेल. नाहीतर माझं वय."

"माफ करा. मी फार मोठी चूक केली."

"पुढच्या वेळी सांग. मी टपालाची गोणी नोआलिकलाच मागे ठेवली असती. बिलं काय, उशिरा पोचली तरी कुणी रडत नाही."

इतकं साधं होतं ते. सांगितलं असतं तर लाडूही आले असते. पद्मिनीने मान दुसरीकडे वळवली आणि डोळे पुसले. ह्या माणसाने तिला चार शब्द सुनावले असते तरी तिने निमूट ऐकून घेतले असते. त्याने सुनावले नाहीत, याचे उपकार ती त्या दिवसापासून कधी विसरली नाही. पुढे वॉल्ट नोआलिकला उतरला की त्याच्यासाठी घरून गरम शिरा येऊ लागला.

*

तुकसुकला अतुल पट्टीवर आला होता. डोक्याला टोपी नाही, कोटाची बटणं एकाआड एक लागलेली.

"काकू, झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"मुलगी. आज सकाळी. तीन आठवडे आधीच. आम्हाला काही सुचायच्या आत. एडना होती म्हणून, नाहीतर यार..." आणि एवढा सहा फुटी माणूस तिथेच बर्फात रडायला लागला. पद्मिनीने त्याला जवळ घेऊन थोपटलं.

एडना गावच्या दवाखान्यातली आरोग्यसेविका. डॉक्टर फोनवर, आणि हात एडनाचे, अशी सुटका झाली होती. रात्रभर गावातल्या दोन म्हाताऱ्या लताची कंबर चोळत बसल्या होत्या. डॉक्टरने सांगितलं होतं की दोघी ठणठणीत आहेत, आणि न्यूमोनियाच्या पेशंटबरोबर तान्ह्या बाळाला विमानात घालू नका, हवा निवळली की सावकाश आणा. वॉल्ट म्हाताऱ्याला घेऊन तसाच पुढे गेला. तासाभरात धुकं उतरलं.

दवाखान्याच्या वाटेवर पद्मिनी अतुलच्या मागे मागे राहत होती. तिला उशीर झाला होता. आणि बाळंतिणीकडे ती हात हलवत निघाली होती, नुसता रिकामा पारका अंगात घालून. कशाला आलो आपण? जे करायचं ते बाकीच्यांनी केलं होतं.

लताने तिला दारात बघितलं आणि दोन्ही हात पसरले. "काकू, आलात," ती म्हणाली. मग तिने पद्मिनीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"लता, काही आणता आलं नाही गं. लाडू केले होते, ते..."

"ह्यांनी मला सूप पाजलंय काकू. माशाचं. मी डोळे मिटून प्यायले. छान होतं." लता पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे बघून हसली. "रात्री फार दुखत होतं ना, तर मी मराठीत ओरडत होते आणि ह्या त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणत होत्या. सगळं समजत होतं मला."

पद्मिनी त्या दोघींपाशी गेली. तिने त्यांचे हात हातात घेतले. सुरकुतलेले, उबदार हात होते. ह्या हातांनी तिच्या पोरीला सांभाळलं होतं. 'तिच्या पोरीला', असंच तिच्या मनात आलं, आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं.

संध्याकाळी रेडिओवर गावोगावचे निरोप वाचले जात. घरोघरी तो वेळ राखून ठेवलेला असे, कारण तारेपेक्षा भरवशाचं ते साधन होतं. निवेदकाने कुणाच्या वाढदिवसाचा निरोप वाचला, कुणाच्या हरवलेल्या कुत्र्याचा वाचला आणि मग म्हणाला, "तुकसुकमधल्या पद्मिनीसाठी, किगालिकहून. गोल लाडू संपले. मुलं अजून मागताहेत. पांढऱ्या खड्यांचं काय करायचं ते कळवा, ते कुणालाच चावत नाहीत. म्हातारेबाबा हॉस्पिटलात पोचले, ताप उतरतोय. आणि बाळ कसं आहे?"

डिंकाचे कच्चे खडे चघळणाऱ्या साऱ्या किगालिकची कल्पना येऊन लता पोट धरून हसली आणि मग टाके दुखतात म्हणून कण्हली. पद्मिनी हसली नाही. 'बाळ कसं आहे' असं एक सबंध गाव तिला विचारत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी एडनाने डॉक्टरला फोन करून विचारून घेतलं, कोमट पाणी केलं आणि प्लास्टिकचा टब टेबलावर मांडला. खोली तेलाच्या शेगडीने चांगली उबदार झाली होती. अतुल शाळेत गेला होता.

"एडना, थांब जरा," लता म्हणाली आणि पद्मिनीकडे वळली. "काकू, टबात नको ना. पायांवर घ्या. आई घेते तसं."

पद्मिनी भिंतीला टेकून उभी होती. एडनाने टब काढल्यावर ती न कळत दाराकडे सरकली होती.

"एडना घालेल नीट. तिला सवय आहे."

"तिला टबाची सवय आहे."

"लता," पद्मिनी म्हणाली. बोलायचं नव्हतं ते बोलावंच लागणार होतं. "मला मूल नाही, बाळा. पहिल्या आंघोळीला लेकुरवाळीचा हात लागावा. आपल्याकडे तसं करत नाहीत."

लताने तिच्याकडे नीट पाहिलं. अकोल्याच्या त्या मुलीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिने बाळाला छातीशी घेतलं होतं, आणि ती अगदी सावकाश बोलली.

"आपल्याकडे म्हणजे कुणाकडे काकू? इथे आपण दोघीच आहोत. आणि मी म्हणतेय की करतात."

एडनाला शब्द कळले नव्हते, पण तिने काय समजायचं ते समजून टबातलं पाणी बादलीत ओतलं आणि जमिनीवर एक रबरी चटई अंथरली.

पद्मिनी खाली बसली. लोकरीचे मोजे काढले, पँट गुडघ्यांपर्यंत वर दुमडली. कित्येक महिन्यांत ऊन न लागलेले तिचे पाय फिकुटले होते, पोटऱ्यांवर निळ्या शिरा उमटल्या होत्या. तिने ते सरळ पसरले आणि एकमेकांना जुळवले. शेजारीपाजारी, नात्यागोत्यात, दाराआडून किती वेळा पाहिलं होतं तिने हे. कसं बसतात ते सगळं ठाऊक होतं.

एडनाने बाळ आणून तिच्या नडग्यांवर पालथं ठेवलं. दोन पायांच्या मधल्या खोलगट जागेत ते जसंच्या तसं बसलं. इवलीशी पाठ, तिच्यावर बारीक काळी लव. पद्मिनीने डावा हात त्याच्या हनुवटीखाली धरला. तिने मगातलं पाणी आधी आपल्या मनगटावर ओतून बघितलं आणि मग हळूच पाठीवर सोडलं. पोरगी कळवळून रडली, दुसऱ्या मगाला कुरकुरली आणि तिसऱ्याला गप्प होऊन ऊब घेत पडून राहिली.

"अजून थोडं," लता पलंगावरून म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मानेत, काकू. मानेत घाला."

"कळतंय मला," पद्मिनी म्हणाली.

तिने मानेच्या वळीत बोट फिरवलं, कानांमागे फिरवलं, काखेत, इवल्या मुठी उघडून त्यांच्या आत. घाई केली नाही. मग एडनाने टॉवेल पुढे केला, बाळाला गुंडाळून घेतलं आणि लताच्या कुशीत दिलं. लता त्याच्याशी बोलू लागली. एडना पाणी पुसायला फडकं आणायला गेली.

पद्मिनी तशीच पाय पसरून बसून होती. पाय ओले होते. ते पुसायला तिने टॉवेल मागितला नाही.